खरे तपशील, अपुरी साक्ष

1951 च्या डिसेंबरात 'ड्रॅग्नेट' ही मालिका अमेरिकेत रेडिओवरून टीव्हीवर आली. गोष्ट खरी आहे, निरपराधांना झळ लागू नये म्हणून नावं तेवढी बदलली आहेत, असं आरंभीच सांगितलं जाई. मग सार्जंट जो फ्रायडे वार कोणता, हवा कशी, आज पाळी कोणत्या विभागात, हे रोजनाम्यात लिहावं तशा कोरड्या आवाजात सांगू लागे. ही भूमिका करणारा जॅक वेबच मालिकेचा निर्माता आणि दिग्दर्शक. त्याला गोळीबारापेक्षा कचेरीतलं काम दाखवण्यात रस होता: दारोदार चौकशी, साक्षीदारांचं पाल्हाळ, कागदांचे गठ्ठे. कथा लॉस एंजेलिस पोलिसांच्या दप्तरातून यायच्या, पोलीस कचेरीचा सेट खऱ्याबरहुकूम उभारलेला असायचा. 1982 मध्ये वेब वारला, तेव्हा फ्रायडेचा 714 हा बिल्ल्याचा क्रमांक खऱ्या पोलीस दलाने निवृत्त केला. कल्पित पात्राला वास्तवाची याहून मोठी सनद मिळणं कठीण. पण या सनदेतूनच एक जुना तात्त्विक प्रश्न उभा राहतो. सगळे तपशील खरे असूनही त्यांतून तयार होणारं चित्र खोटं असू शकतं का?

या प्रश्नाला आपल्याकडच्या न्यायदर्शनाची भाषा उपयोगी पडते. नैयायिक शब्दाला, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्याला, ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानतात. अट एवढीच, की सांगणारा 'आप्त' हवा. आप्त होण्यासाठी वस्तू जशी आहे तशी त्याला ठाऊक असावी लागते आणि ती जशीच्या तशी सांगण्याची इच्छाही असावी लागते. 'ड्रॅग्नेट' पहिल्या कसोटीला सहज उतरते. पोलिसांचं काम कसं चालतं हे पोलिसांइतकं कुणाला माहीत असणार? अडचण दुसऱ्या कसोटीपाशी येते. ज्या खात्याची गोष्ट सांगायची, त्याच खात्याच्या सहकार्यावर मालिका उभी होती. विल्यम पार्कर 1950 ते 1966 या काळात त्या दलाचे प्रमुख होते आणि दलाची प्रतिमा सावरणं हे त्यांच्या दृष्टीने मोठं काम होतं. अशा वेळी खोटं बोलावंच लागत नाही. कोणती फाइल उघडायची आणि कोणती कपाटातच ठेवायची, एवढं ठरवलं की भागतं.

मालिका टीव्हीवर आली त्याच महिन्यात, नाताळच्या पहाटे, लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती ठाण्यात पोलिसांनी सात तरुणांना बेदम मारलं. त्यांतले पाच मेक्सिकन-अमेरिकन होते. हे प्रकरण 'रक्तरंजित नाताळ' या नावाने ओळखलं जातं. पुढे आठ पोलिसांवर आरोप ठेवले गेले आणि पाच जण दोषी ठरले. हेही त्याच शहराचं, त्याच दलाचं आणि त्याच काळाचं वास्तव होतं. पण फ्रायडेच्या जगात ते मावलं नसतं. तिथे कधी बिघडलेला पोलीस दिसलाच, तर त्याला हुडकून काढणाराही पोलीसच असे. भागाच्या शेवटी आरोपी कॅमेऱ्यासमोर उभा राही आणि खटल्याचा निकाल, शिक्षेसकट, जाहीर होई. म्हणजे निरपराध कोण हे मालिकेला पहिल्या वाक्यापासून ठाऊक असे. तिथे संशयाचं रूपांतर खात्रीत होणार हे आधीच ठरलेलं होतं. तपशील खरे होते, पण ते ज्या निष्कर्षाचे जामीन राहिले तो निष्कर्ष कधी उघडपणे मांडलाच गेला नाही: पोलिसांना ज्याचा संशय येतो, तो बहुधा दोषीच असतो.

यावर एक सरळ आक्षेप घेता येईल. पकडले गेलेले पुष्कळ लोक खरोखरच दोषी असतात. मग मालिकेने दोषी माणसंच दाखवली तर अवास्तव ते काय? आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो प्रमाणाबद्दल बोलतो आणि इथे प्रश्न ज्ञानाचा आहे. संशयिताच्या समोर बसलेल्या अधिकाऱ्याला हा माणूस खरा गुन्हेगार आहे की नाही, हे त्या क्षणी ठाऊक नसतं. तपास म्हणजे न माहीत असण्याचीच अवस्था. शेवट आधी ठरवून मागे मागे रचलेली गोष्ट या अवस्थेला शिवतही नाही. बिल्ला, टेबल, टाइपरायटर सगळं बिनचूक दाखवूनही ती तपासाचा गाभा गाळते.

गाभा शाबूत ठेवला तर काय दिसतं, याचं उदाहरण त्याच माध्यमात आहे. 28 ऑगस्ट 1963 रोजी मॅनहॅटनमध्ये दोन तरुणींचा खून झाला. पुढच्या वर्षी पोलिसांनी ब्रुकलिनमध्ये एकोणीस वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलाकडून 61 पानी कबुलीजबाब घेतला. पुढे तो खोटा ठरला. मुलाजवळ सापडलेला फोटो मृत तरुणींपैकी एकीचा असल्याचं सांगण्यात आलं होतं, तो भलत्याच मुलीचा निघाला. खून झाला तेव्हा तो मुलगा न्यू जर्सीत होता, आणि अखेर दुसराच माणूस दोषी ठरला. 1966 च्या मिरांडा निकालाने चौकशीआधी आरोपीला त्याचे हक्क सांगणं पोलिसांवर बंधनकारक केलं. त्या निकालपत्रातही या प्रकरणाचा उल्लेख आहे. याच प्रकरणावर ॲबी मान यांनी लिहिलेला 'द मार्कस-नेल्सन मर्डर्स' हा टीव्हीपट 1973 मध्ये आला. त्यातला गुप्तहेर कोजॅक आपल्याच खात्याच्या कबुलीजबाबावर शंका घेतो. मग त्याच वर्षी त्याच पात्राची, टेली सॅव्हालास या त्याच नटाची साप्ताहिक मालिका सुरू झाली. डोकं तेच, लॉलीपॉप नवं. पण जिच्या पोटी कोजॅक जन्मला ती शंका आठवड्याच्या रतिबात हळूहळू विरत गेली. दर आठवड्याला गुन्हेगार हवा असला की चुकलेला तपास परवडत नाही.

दुसरा आक्षेप असा, की ही करमणूक आहे आणि प्रेक्षक काही खुळा नसतो. अशा आक्षेपाचा विचार संस्कृत नाट्यचर्चेत श्रीशंकुकाने फार पूर्वी केला होता. रंगमंचावरचा नट 'राम' म्हणून पाहताना होणारी प्रतीती चित्रातल्या घोड्यासारखी असते, असं तो म्हणतो: ती खरी नसते, खोटी नसते, संशयाची नसते आणि निव्वळ साम्याचीही नसते. चित्रातल्या घोड्यावर कुणी खोगीर चढवायला जात नाही, हे कबूल. पण शंकुकाचं म्हणणं इथे संपत नाही. या कृत्रिम सामग्रीवरूनच प्रेक्षक अनुमान करतो, असंही तो सांगतो. ज्याने घोडे चित्रातच पाहिले आणि चितारी लाथ मारणारा घोडा कधी काढतच नाही, त्याचं घोड्याविषयीचं अनुमान काय होणार? मुंबईत घडणाऱ्या 'सीआयडी'तली एका थपडीनिशी मिळणारी कबुली मराठी प्रेक्षक हसत हसत पाहतो, कारण ती मालिका दप्तरातल्या सत्याचा दावा करत नाही. तरी कबुली मिळाली की प्रकरण मिटलं, हे अनुमान तिथूनही मनात रुजतंच. आपला कायदा मात्र इतका भोळा नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे 1872 च्या पुरावा कायद्यानेच सांगून ठेवलं होतं.

मग काळोख दाखवला म्हणजे वास्तव साधतं का? तसंही नाही. 1962 मध्ये बीबीसीच्या 'झेड-कार्स'च्या पहिल्याच भागात एका पोलिसाच्या बायकोचा डोळा काळानिळा दिसला. 1981 मध्ये 'हिल स्ट्रीट ब्लूज'ने हलता कॅमेरा, एकमेकांत घुसणारे संवाद आणि एका भागात न संपणारी प्रकरणं आणली. या शैलीलाही सवयीने सराईतपणा येतो. प्रत्येक पोलीस लाचखाऊ आणि प्रत्येक ठाणं नरक दाखवणारी मालिकाही शेवट आधीच ठरवून बसलेली असते. तिने उत्तर तेवढं उलटं केलेलं असतं. 'हिल स्ट्रीट'चं मोल तिच्या अंधारात नाही. सकाळच्या हजेरीला सुरू झालेल्या गोष्टी रात्रीपर्यंत निकालात निघतीलच असं ती गृहीत धरत नाही, यात ते आहे.

गोष्टीला शेवट लागतो आणि निवड केल्याशिवाय ती सांगता येत नाही, हे खरंच. निवड म्हणजे असत्य नव्हे. निवड लपवून 'सगळं खरं आहे' अशी ग्वाही दिली की असत्य सुरू होतं. म्हणून पोलीसकथेच्या वास्तवतेची कसोटी बिल्ल्यात आणि टेबल-खुर्च्यांत शोधण्यापेक्षा एक प्रश्न विचारावा: या गोष्टीतला तपास चुकला असता, तर गोष्टीने ते आपल्याला कळू दिलं असतं का? त्या 61 पानांतही तपशील खच्चून भरले होते. ते इतके नेमके होते, की वाचणाऱ्याला वाटावं, खरं आहे, नावंसुद्धा बदललेली नाहीत.