शिक्का कोणाच्या नावाचा?

रामटेकजवळचे नगरधन म्हणजे वाकाटक राजांचे नंदिवर्धन. पती दुसरा रुद्रसेन वारला, मुले लहान. तेव्हा पाचव्या शतकाच्या उंबरठ्यावर प्रभावतीगुप्तेने इथून कारभार हाकला. तिच्या पुणे ताम्रपटात आधी येते ती माहेरच्या गुप्तांची वंशावळ. गोत्रही तिने वडिलांचेच सांगितले, धारण. एवढी स्वतंत्र बाण्याची बाई! पण त्याच ताम्रपटाची मुद्रा पाहा. तिथे आज्ञा आहे युवराजाच्या आईची. प्रभावतीचे नाव नाही. कोणी म्हणेल, नावाचे काय घेऊन बसलात, दाने तिने दिली, राज्य तिने केले. खरे आहे. मात्र मुलगा नसता तर हा अधिकार तिला कोणत्या आधारावर मिळाला असता? धर्मविचारापुढचा प्रश्न हाच आहे : स्त्री स्वतः कोणी आहे, की नेहमी कोणाची तरी?

हाच प्रश्न आजच्या पंचायतीतही उभा आहे. रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेलेले पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान असताना, १९९३ साली, ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. तरी ‘सरपंचपती’ हा शब्द गावोगाव रुळला. सही बाईंची, निर्णय घरधन्याचा. खुर्ची कायद्याने दिली, पण त्या खुर्चीवरची बाई अजून कोणाची तरी सून म्हणूनच मोजली जाते. म्हणून आरक्षण फसले, असे मात्र मी मानत नाही. खुर्चीच नसती तर ती कोण चालवतो हा प्रश्न तरी कोणी विचारला असता?

समता हा बाहेरून आणलेला विचार आहे, आपल्या धर्मात स्त्रीचे स्थान कुटुंबातच, हा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो श्रद्धेच्या नावाने घेतला जातो. त्याचे उत्तर विदर्भाच्याच मातीत आहे. तेराव्या शतकात रामटेकच्या यात्रेला म्हणून गुजरातेतून निघालेले चक्रधरस्वामी वाटेत ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंना भेटले, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यांनी स्त्रियांना शिष्या केले आणि पाळीचा विटाळ नाकारला : शरीरातून जसे इतर मळ बाहेर पडतात तसाच हाही. त्यांची शिष्या महदाइसा त्यांच्यापुढे प्रश्न विचारत बसे ती जिज्ञासू म्हणून. तिथे तिला कोणाची पत्नी वा आई असण्याची गरज नव्हती. मोक्षाचा अधिकार जिला स्वतःच्या नावाने आहे, तिला गावच्या पाण्याबद्दल बोलायला नवऱ्याचे तोंड कशाला लागावे? ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असे आपला कायदाच सांगतो. ती सभा कागदावर उरकू नये आणि तिथले ठराव ग्रामसभेत सरपंचबाईंनी स्वतः वाचावेत, एवढा आग्रह गावाने आजच धरायला हवा.