नदी शेतात शिरली की शेत कोणाचं?

मी सांगलीची. पावसाळ्यात आमच्याकडे ‘आयर्विनला किती?’ एवढंच विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे ते कळलं की सामान माळ्यावर चढवायचं की नाही, हे ज्याचं त्याला समजतं. लग्नानंतर अमेरिकेत मॉन्टॅनात आले, ट्राउट मासे गळाला लावायच्या नादी लागले. जून 2022मध्ये यलोस्टोन नदीला पूर आला तेव्हा तोच प्रश्न तोंडी आला. उत्तर होतं: कॉर्विन स्प्रिंग्जच्या मापकावर जवळजवळ 14 फूट. आधीचा विक्रम 1918चा, साडेअकरा फुटांचा. कारबेलाचा जुना पूल वाहून गेला. गार्डिनरहून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात शिरणारा रस्ता पुरानं जागोजागी खाल्ला.

पाणी उतरल्यावर आम्हा गळवाल्यांना कळलं की नदी जिथल्या तिथे राहिलेली नाही. मी जिथे उभी राहायचे तिथे कोरडे गोटे पडले होते, आणि शेजारच्या रँचवाल्याच्या गवताच्या शेतातून एक नवा फाटा वाहत होता. मासेही तिकडेच गेलेले. रँचवाला कुंपणाशी उभा राहून म्हणाला, “गेल्या वर्षी इथे पाय ठेवला असतास तर घुसखोर ठरली असतीस. आता माझ्याच शेतात मांडीभर पाण्यात उभी राहून गळ टाकणार का?”

मॉन्टॅनाचा 1985चा कायदा गळवाल्यांवर मेहेरबान आहे. नदीचा तळ कोणाच्याही मालकीचा असो, पाण्यात उतरून मासे धरायची मुभा सगळ्यांना आहे. मात्र नदीपर्यंत पोचायला खाजगी रान तुडवायचं नाही. पुलावरून नाहीतर सरकारी घाटावरून यायचं. आणि पाण्यात शिरल्यावरही नेहमीच्या भरल्या पाण्याच्या खुणेच्या आत राहायचं. ही खूण कागदावर नसते. पाणी इतके दिवस टिकतं की रानातली झाडंझुडपं तगत नाहीत, तिथे ती उमटते. पूर पसरतो ती जमीन तिच्यात धरत नाहीत. आता कालपरवा फुटलेल्या फाट्याला नेहमीचं पाणी कुठलं आणि खूण कुठली?

हा पेच जुना आहे. जुन्या धर्मशास्त्रातली बृहस्पतिस्मृती आज सलग मिळत नाही, निबंधग्रंथांतल्या उताऱ्यांतून ती जुळवली गेली. तिच्यात नेमका हाच वाद येतो: नदीनं एका गावची जमीन काढून दुसऱ्या गावाला दिली तर ती कोणाची? बृहस्पती म्हणतो, ज्याला मिळाली त्याची. नदीचं देणं आणि राजाचं देणं एकाच तोलाचं. ते मानलं नाही तर माणसाला दैवानं काही मिळूच शकणार नाही. वाचताना मी खूश झाले, कारण गळवाल्याची सगळी मिळकत दैवाचीच असते. पण लगेच पुढे अपवाद येतो. पेरलेलं शेत पाण्यानं तोडून नेलं असेल तर ते आधीच्या मालकालाच परत मिळावं. म्हणजे नदी मालकी हलवू शकते, पण कुणी राबून उभं केलेलं पीक तिनं ओलांडलं की शास्त्रही थबकतं.

मला यात खरा प्रश्न मालकीचा वाटत नाही. नदीचा स्वभाव तिच्या रोजच्या पाण्यावरून ठरवायचा की पुरावरून? मॉन्टॅनाचा कायदा रोजच्या पाण्याकडे बघतो. तापात बरळलेल्या शब्दांवर आपण माणूस जोखत नाही, तसं. आमच्याकडे नेमकं उलट. नरसोबाच्या वाडीला पुराचं पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, आणि त्या पाण्यात न्हायला माणसं धावतात. तिथे पूर म्हणजे कृष्णामाईचं बिघडणं नव्हे, ती त्या दिवशी जास्तच कृष्णामाई असते. पाटबंधारे खात्यालाही पूरच प्रमाण: निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभरातून एकदा येणाऱ्याची. (लाल रेषेच्या आत बंगले किती आहेत, ते सांगलीकरांना विचारू नये.)

बराच काळ मला यातलं एकच खरं असणार असं वाटायचं. आता वाटतं, आपण नदीपाशी कशासाठी उभे आहोत त्यावर ते अवलंबून आहे. नदीकडून घ्यायचं असेल तर तिचं रोजचं पाणी बघावं, आणि तिच्यासाठी सोडायचं असेल तर पुराचं. घर बांधणाऱ्यानं लाल रेषेपासून मागे सरावं. गळवालीनं मात्र पुरानं उघडलेलं प्रत्येक दार आपल्याचसाठी उघडलं असं समजू नये, कारण त्या दारामागे कुणाचं तरी हिवाळ्याचं गवत आहे. दैवाच्या देण्याचं तत्त्वज्ञान ज्याचं काही बुडालेलं नाही त्याला फार लवकर पटतं. मलाही पटलंच होतं.

नव्या फाट्याला खूण उमटायला काही हंगाम जातील. तोवर तिथे कायद्याच्या जोरावर उतरायचं नाही असं मी ठरवलं, आणि रँचवाल्याला सरळ विचारलं. त्यानं परवानगी दिली, अट एकच: फाटक लावून घ्यायचं, नाहीतर गुरं बाहेर पडतात. आणि जुन्या पात्रातल्या गोट्यांवर आता कुंपण घालता येईल का, हे तो वकिलाला विचारणार आहे.