आठवण कशी द्यावी?

उतारवयात स्मरणशक्ती किंचित क्षीण झालेली माणसे आपल्या घरोघरी आहेत. ती आपले व्यवहार पाहू शकतात. मात्र औषध घेतले की नाही, उसने किती दिले, एवढे निसटते. हा स्मृतिभ्रंश नव्हे, आणि प्रत्येकाच्या बाबतीत त्याचे पर्यवसान स्मृतिभ्रंशात होतेच असेही नाही. अशा माणसापुढे नोंदवही किंवा वारांचे खण असलेली औषधाची डबी ठेवली की त्याला वाटते, आपण निकामी झालो. लिहिलेल्याचा आधार घेणे खरोखरच कमीपणाचे आहे काय?

पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (अल-बकरा, २८२) उसनवारी लिहून ठेवण्यास सांगते. ही शिकवण केवळ विसरभोळ्यांसाठी नसून सर्व श्रद्धावंतांसाठी आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांना एकदा नमाजमध्ये विसर पडला, तेव्हा आपणही माणूस आहोत, विसरलो तर आठवण द्या, असे त्यांनी सोबत्यांना सांगितले. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाल्यावर हजरत अबू बक्र (रजि.) यांनी हजरत उमर (रजि.) यांच्या सूचनेवरून कुरआन एकत्र लिहून घेतला. ज्या उम्मतने कुरआन छातीत जपला, तिनेही लेखणीचा आधार घेतला.

परंतु त्याच आयतीत एक बारकावा आहे. मजकूर सांगायचा तो कर्ज घेणाऱ्याने. लेखकाने केवळ लिहायचे. तो सांगण्यास असमर्थ असेल, तरच त्याच्या वलीने न्यायाने सांगावे. आपण मात्र पहिला विसर पडताच वडिलांच्या हातून किल्ल्या, बँकेचे पुस्तक आणि घरातले मतही काढून घेतो. मग वही आधार न राहता पाळत बनते.

म्हणून वही त्यांच्याच हाताने, त्यांच्याच शब्दांत भरू द्या. गजर कोणत्या वेळी लावायचा, हे त्यांना विचारा. नमाजला जमाअतीत सोबत न्या. तेथे इमामाच्या मागे रकअतींची मोजणी आपोआप सांभाळली जाते. एकच प्रश्न दहांदा आला, तर अकराव्यांदाही पहिल्यासारखेच उत्तर द्या. मातापित्यांना 'उफ'देखील न म्हणण्याची आज्ञा (बनी इस्राईल, २३) त्यांच्या वार्धक्याचा उल्लेख करूनच दिलेली आहे. आपल्या संयमाची परीक्षा त्या अकराव्या उत्तरात आहे.