गड्डा जागेवर असू द्या



इचलकरंजीत सकाळी रात्रपाळी सुटायची वेळ. मागांची खडखड काही थांबलेली नसते. अशात एखाद्या जुन्या घराच्या परड्यात, न्हाणीच्या सांडपाण्यावर, अळू डुलत असतं. त्याला कुणी मुद्दाम खत घालत नाही. कडक उन्हाळ्यात पाणी तुटलं, की पानं करपून जातात. पण गड्डा जागेवर असतो. वळीव पडला, की कोवळी सुरळी पुन्हा वर येते.

जाणती बाई पानं कापताना मधली सुरळी सोडते. वडीला काळ्या देठाचं घेते, भाजीला हिरव्या. अळकुड्या हव्या असतील, तर बाजूच्या तेवढ्या खणते. मधला गड्डा जागेवर असू देते.

मंडळी, घेणं आपल्याला जमतं. कुठं थांबायचं, हे शिकावं लागतं. शेजाऱ्याचा चांगुलपणा असो, नाहीतर आईचं मुकाट ऐकून घेणं. मिळतंय म्हणून मुळासकट ओरबाडलं, तर पुढच्या खेपेला तिथं काही उगवत नाही. घ्या, जरूर घ्या. पण गड्डा जागेवर असू द्या.

आणि हो, अळू खाजरं असतं बरं का! त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. कच्चं राहिलं, की घसा धरतो. तेव्हा हाताला तेल लावून चिरा, भरपूर शिजवा, चिंचेत हात आखडू नका. पातळ भाजीत शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ हवीच. मुळ्याच्या चकत्या ज्याच्या त्याच्या आवडीवर.