दोरीचं दुसरं टोक

पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनरांगेत एखादा अंध माणूस पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून चालत असला, तर कुणी वळूनही बघणार नाही. तोच माणूस इंजिनिअर झाला किंवा लांब पल्ल्याची शर्यत पळाला, की मथळा ठरलेला: ‘अंधत्वावर मात’. आणि त्या मथळ्यातून सगळ्यात आधी पुसला जातो तो पुढचा खांदा.

टी. व्ही. रामन १९६५ साली पुण्यात जन्मले. काचबिंदूनं चौदाव्या वर्षी दृष्टी गेली. मग पुणे विद्यापीठात गणित, आयआयटी मुंबई, कॉर्नेलची पीएच.डी. आणि पुढे गूगल. कॉर्नेलमध्ये त्यांनी गणित वाचून दाखवणारी संगणकप्रणाली रचली. घातांक आला की तिचा आवाज चढतो, खालचा अंक आला की उतरतो. कागदावर डोळ्याला जे वर-खाली दिसतं ते कानाला कळतं. तिचं नाव ‘ॲस्टर’, म्हणजे रामन यांच्या वाटाड्या कुत्र्याचं नाव! डॉक्टरेटच्या कामावर सोबत्याचं नाव कोरणारा हा माणूस मला त्याच्या बुद्धीइतकाच या कृतीसाठी आवडतो.

खेळानं तर ही सोबत नियमातच बसवली आहे. आपल्या मराठवाड्यातले, तेव्हाच्या औरंगाबादचे निकेत दलाल यांनी २०२० मध्ये दुबईत अर्धी आयर्नमॅन पूर्ण केली. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावणं. अशा शर्यतीत अंध स्पर्धक पाण्यात जोडीदाराशी दोरीनं बांधलेला असतो, सायकल दोघांची असते, धावताना पुन्हा दोरी. दम मात्र ज्याचा त्याचा; धावताना जोडीदारानं ओढायचं नाही. आणि दोरी सुटली तर? २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये स्पेनची एलेना काँगोस्त मॅरेथॉनमध्ये तिसरी येत होती. अंतिम रेषा काही पावलांवर असताना तिच्या वाटाड्याच्या पायात गोळे आले. त्याला सावरायला तिनं क्षणभर दोरी सोडली आणि तिला बाद ठरवलं गेलं. निर्णय निर्दयच. पण नियमानं त्या दोघांना एकच स्पर्धक मानलं होतं, हेही खरं.

कामाच्या जागी सोबतीचा असा नियम कुणी लिहीत नाही. संगणकाच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ पासून घडवला. तो फुकट मिळतो, मराठी मजकूरही वाचतो. पण संकेतस्थळ रचणाऱ्यानं बटणाला नाव दिलं नसेल, तर तो बिचारा ‘बटण, बटण’ एवढंच म्हणत राहतो. बँकेची ऑनलाइन ओळखपडताळणी तर डोळे मिचकावायला सांगायची! त्यासाठी लोकांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि पर्यायी सोय करण्याचे आदेश दिले.

बटणाला नाव द्यायला प्रोग्रामरला अर्धी ओळ पुरते. ती लिहिली गेली नाही, तर इंजिनिअरिंगचा अर्ज भरायला निघालेल्या पोखर्णीच्या अंध मुलीला ई-सेवा केंद्रात बसून पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही मोठ्यानं सांगावे लागतील, मागे रांग उभी असताना.