ऊठ म्हणणारं कुणी नसावं

डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातल्या फैजपूरच्या शिवारात एक अख्खं गाव उभं राहिलं आणि काम संपल्यावर मोडलंही. काँग्रेसचं अधिवेशन खेड्यात भरण्याची ती पहिलीच वेळ होती. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. खेड्याचा आग्रह गांधीजींचा होता आणि मांडणी-सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्याकडे होती. आसपास जे मिळेल त्यावरच भागवायचं, असा गांधीजींचा दंडक होता. त्यामुळे टिळकनगर नावाची ती वसाहत बांबू, चटया आणि गवत यांतूनच साकारली. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी असे कार्यकर्ते तयारीसाठी गावोगाव फिरले.

या अधिवेशनात शेतीविषयक तेरा कलमी कार्यक्रम मंजूर झाला. त्यातलं एक कलम आज पुन्हा वाचण्यासारखं आहे. कुळाला जमिनीवर कायमची, वारसाने पुढे जाणारी वहिवाट मिळावी आणि तिथे घर बांधण्याचा, झाडं लावण्याचा हक्क असावा, अशी ती मागणी होती. कुळाला मालक करा, असं त्या कलमात म्हटलेलं नाही. त्याला कुणी ऊठ म्हणू नये, एवढंच त्याचं म्हणणं.

नव्वद वर्षं होत आली. फैजपूर, सावदा, रावेर, यावल या पट्ट्यातली मुलं आज पुणे-मुंबईत नोकऱ्या करतात, आणि सोयरिकीच्या बैठकीत मुलाचं शिक्षण, कंपनी, पगार विचारून झालं की प्रश्न येतोच: ‘फ्लॅट घेतला का त्यानं?’ उत्तर ‘भाड्याने राहतो’ असं आलं, तर पुढचा चहा जरा गार होतो. गंमत अशी, की हा प्रश्न विचारणारा बाप स्वतः दुसऱ्याचं शेत नफ्याने, म्हणजे भाड्यानेच, करत असतो. वर्षाचा पैसा ठरतो, केळी लागते, घड व्यापाऱ्याच्या गाडीत चढतात, हिशेब मिटतो. परक्या जमिनीत ठिबक अंथरायला आणि महागडी खतं सोडायला त्याला कमीपणा वाटत नाही. गावही त्याला हिमतीचा शेतकरीच म्हणतं. ज्यातून पोट भरतं ती जमीन भाड्याची चालते, फक्त झोपायची जागा भाड्याची चालत नाही.

आकडे मांडले तर कोडं आणखी वाढतं. समजा, पुण्यातला फ्लॅट ६० लाखांचा आहे. १२ लाख पदरचे घालून ४८ लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं, तर महिन्याचा हप्ता साधारण ४१,६०० रुपये बसतो. वीस वर्षांत बँकेला एक कोटीच्या आसपास जातात. हाच फ्लॅट भाड्याने घेतला, तर वर्षाला किमतीच्या तीन टक्के या हिशेबाने महिन्याला १५,००० रुपयांत काम होतं. भाडं वाढत जाईल हे खरं, पण हप्त्याच्या जवळ यायला त्याला बरीच वर्षं लागतील. फ्लॅटची किंमत वाढेल हेही खरं, पण राहत्या घराची वाढलेली किंमत हातात येते ती घर विकल्यावरच, आणि राहतं घर विकायला कुणाचा हात धजत नाही.

तरीही लोक घर घेतात. त्यांना हिशेब येत नाही असं मुळीच नाही. केळीच्या भावात रोज मुरलेल्या माणसांना व्याज शिकवायला नको. ते वेगळंच काही विकत घेत असतात, आणि ते काय, हा प्रश्न बँकेच्या टेबलावर सुटणारा नाही.

धर्मपरंपरेने तो फार आधीच हाताळला आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतो. दत्तात्रेयांचे चोवीस गुरू म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, ते हेच. त्यांत एक साप आहे. साप स्वतः घर बांधत नाही. दुसऱ्याने केलेल्या बिळात शिरतो आणि सुखाने राहतो. देहच टिकणारा नाही, तर त्याच्यासाठी घर उभारण्याचा खटाटोप दुःखालाच कारण होतो, असा धडा अवधूताने त्यावरून घेतला. या स्कंधावर मराठीत सविस्तर टीका लिहिली ती संत एकनाथांनी. नाथ पैठणचे, वाडवडिलांच्या घरात बायको-मुलांसह प्रपंच करणारे. ग्रंथाची सुरुवात पैठणला झाली, पण तो पुरा झाला १५७३ मध्ये काशीत, घरापासून शेकडो कोस लांब. घर सोडा, असं नाथांनी कुणाला सांगितलं नाही आणि स्वतःही सोडलं नाही. घरात राहून घराचं ममत्व सुटतं का, हे ते पाहत राहिले.

महानुभावांनी आणखी कडक वाट धरली. चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांना एका जागी जीव गुंतू न देता हिंडायला आणि भिक्षेवर राहायला सांगितलं. पंथात याला अटन म्हणतात. लीळाचरित्र वाचताना स्वामी सतत कुठल्यातरी गावाच्या वाटेवरच भेटतात. मुक्काम एखाद्या देवळात किंवा मठात असतो. पुढे याच पंथाचे मठ आणि आश्रम खानदेशातही उभे राहिले. भटकणाऱ्यालाही पावसाळ्यात छप्पर लागतं. बौद्ध भिक्खूंचा वर्षावास आणि जैन मुनींचा चातुर्मास हेही पावसाळ्यात एका जागी थांबण्याचेच नेम.

म्हणजे परंपरेचा रोख घरावर नव्हता, ‘माझं’ या शब्दावर होता. पण ‘माझं’ सोडून द्या हा उपदेश त्यालाच शोभतो, ज्याच्यापाशी ‘माझं’ म्हणायला काही आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना भाड्याने जागा मिळेना. जात लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. बिंग फुटल्यावर काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि त्यांना तिथून निघावं लागलं. नोकरी होती, पगार होता, भाडं द्यायची तयारी होती, तरी रात्र काढायला जागा नव्हती. पुढे १९३०च्या दशकात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं, आणि त्यात सर्वांत ऐसपैस जागा पुस्तकांना दिली. त्या घराला मोह म्हणण्याची हिंमत कुठलाही अवधूत करणार नाही. आजही आडनाव किंवा धर्म कळल्यावर ‘जागा गेली हो’ असं सांगितलं जातं. अशा माणसाने स्वतःचा फ्लॅट घेतला, तर तो अर्धा फ्लॅट घेतो आणि अर्धा त्या वाक्यापासून सुटका.

बायकांची गोष्ट निराळी. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाणी होतात, आणि सण सरला की त्या परततात. एक घर बापाचं, दुसरं नवऱ्याचं. दुसऱ्याने बांधलेल्या घरात आयुष्य काढायचं, हा सापाचा धडा पिढ्यान् पिढ्या त्यांनीच गिरवला, पण त्यांना कुणी अवधूत म्हटलं नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा दिला. बाईच्या नावावर घर घेतलं, तर राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही मिळते. ती सवलत घेण्यापुरतं का होईना, दारावरच्या पाटीवर आता दुसरं नाव येऊ लागलं आहे.

फैजपूरच्या त्या कलमाचं पुढे काय झालं? शेतजमिनीच्या बाबतीत कायदा मागणीच्या पुढे गेला. १९४८चा कूळ कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. घरांच्या बाबतीत गाडी भलतीकडे वळली. १९४७च्या मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिलं, पण भाडं गोठवून टाकलं. मालकांनी डागडुजी सोडली, पागडी बोकाळली आणि चाळी खिळखिळ्या झाल्या. भाडेकरू बसला तर उठणार नाही, ही धास्ती मालकांच्या मनात कायमची बसली. २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरांत एक कोटी दहा लाखांच्या वर घरं रिकामी आढळली. उरला तो अकरा महिन्यांचा करार. दर वर्षी नवा कागद, नवं भाडं आणि ‘मुलगा अमेरिकेतून येतोय, जागा लागेल’ हा निरोप कधीही येण्याची शक्यता. मुलांची शाळा, म्हातारीचा दवाखाना, दूधवाला, सगळी बसवलेली घडी त्या एका निरोपाने विस्कटते.

जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याने राहतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. तिथला करार सहसा मुदतीशिवायचा असतो आणि मालकाला तो मोडायचा तर कायद्यात बसणारं कारण दाखवावं लागतं. १९३६ मध्ये फैजपूरला मागितली गेलेली गोष्ट ती हीच. मालकी आणि स्थैर्य या दोन वेगळ्या वस्तू आहेत. महाराष्ट्रात स्थैर्य सुटं विकत मिळत नाही, म्हणून लोक ते मालकीसकट घेतात आणि वीस वर्षं त्याचे हप्ते फेडतात. त्यातला किती भाग गरजेचा, किती पाटीवरच्या नावाचा आणि किती सोयरिकीच्या बैठकीचा, हे ज्याचं त्याने वेगळं काढायचं आहे.

तेवढं करूनही वडीलधाऱ्यांचा एक मुद्दा उरतो. पगार साठीला थांबतो, भाडं थांबत नाही. हप्ता दर महिन्याला सक्तीने बचत करवतो. भाड्याने राहणाऱ्याला वाचलेले सुमारे २६,६०० रुपये दर महिन्याला आपणहून बाजूला टाकावे लागतात, तेही वीस वर्षं, गाडी, लग्नं आणि सहली यांतून वाचवून. सापाला ही शिस्त कधी लागली नाही. पुण्यात भाड्याने राहून सुखी असलेल्या फैजपूरच्या पोराला मात्र बापासमोर आधी तेवढं पासबुक ठेवावं लागेल.