नावाची वहिवाट

भिवंडीच्या अंजूरफाट्यावरून ठाण्याकडे निघालं की राहनाळ, पूर्णा, काल्हेर, कशेळीपर्यंत रस्त्याकडेला फ्लेक्स दिसत राहतात. वाढदिवसाचे, हळदीचे, नामकरण सोहळ्याचे. गोदामांमुळे या पट्ट्यातल्या आगरी घरांत पैसा आला. तो आधी बंगल्यावर दिसला, मग गाडीवर, मग पाळण्यावर. आजोबा काथोड किंवा बाळाराम, आजी चांगुणा किंवा बारकूबाई, बाप विनोद नाहीतर प्रमोद, आणि फ्लेक्सवर फुग्यांच्या कमानीखाली झोपलेली लेक कियारा. आत्याने कानात कुर्र करून नाव सांगितलेलं असतं. आजी तिला नुसतं 'बाय' म्हणते आणि विषय मिटवते.

कियारा आपल्याकडे सिनेमातून आली. २०१० सालच्या 'अनजाना अनजानी'त प्रियांका चोप्राच्या पात्राचं हे नाव होतं. पुढे आलिया अडवाणीने पडद्यासाठी तेच घेतलं आणि ते घराघरांत पोचलं. मृग नक्षत्राच्या चौथ्या चरणाचं अक्षर 'की' असल्याने भटजींचीही हरकत नसते. ऱ्हस्व-दीर्घाकडे ते काणाडोळा करतात. या नावाची मुळं दोन-तीन देशांत दाखवता येतात, पण त्यातलं सगळ्यात मोठं घर इटलीतलं. असिसी गावच्या एका सरदार घराण्यात बाराव्या शतकाच्या अखेरीस कियारा नावाची मुलगी जन्मली आणि १२१२ साली, झावळ्यांच्या रविवारी रात्री, घरदार सोडून संत फ्रान्सिसच्या मागे गेली. हा फ्रान्सिस कापडाच्या व्यापाऱ्याचा पोरगा. बाप्तिस्म्याचं नाव जोव्हान्नी. फ्रान्सशी व्यापार करणाऱ्या बापाने ते बदलून फ्रान्चेस्को केलं. त्याच्या पंथाचे पाद्री पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात वसईला उतरले, आणि फ्रान्सिस हे नाव तिकडे इतकं रुळलं की आज ते कुणाला परकं वाटत नाही. असिसीच्या त्या दोघांपैकी एकाचं नाव असं खाडीपलीकडे चर्चमधून आलं. दुसरीचं खाडीअलीकडे, भिवंडीसारख्या कापडाच्याच गावात, यायला जवळपास पाचशे वर्षं आणि एक हिंदी सिनेमा लागला.

गंमत अशी की नाव सरदार घराण्याचं असलं, तरी सरदारांची नाव ठेवण्याची रीत याच्या नेमकी उलटी. चारचौघांत उठून दिसेल असं कधी न ऐकलेलं नाव शोधायची त्यांना गरज पडत नाही. ते जुनंच नाव पुन्हा काढतात. 'द लेपर्ड' हा १९६३ चा सिनेमा करणारा लुकीनो व्हिस्कोंती १९०६ साली मिलानमध्ये जन्मला. त्याच घराण्याचा एक लुकीनो चौदाव्या शतकात मिलानचा धनी होता. इटलीत हे नाव रस्त्यावर हाक मारून सहज सापडणारं नाही, आणि म्हणूनच ते ऐकलं की घर कळतं. फ्लॉरेन्सच्या मेदिचींकडे कोसिमो आणि लोरेन्झो पुन्हा पुन्हा येतात. घरात कुणी वारलं की पुढच्या बाळाला त्याचं नाव, ही तिथली जुनी चाल. शेतजमिनीची असते तशीच ही नावाची वहिवाट. कसत राहिलं की आपली, सोडलं की दुसऱ्याची.

आपल्या घराण्यांचं काही वेगळं नव्हतं. शिवाजीराजांच्या थोरल्या भावाचं नाव संभाजी, मुलाचं संभाजी, त्या संभाजीच्या मुलाचं पुन्हा शिवाजी. पेशव्यांत बाळाजी, बाजीराव, पुन्हा बाळाजी. नवं नाव आलंच तर त्याला जबर कारण लागायचं. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराच्या आशीर्वादाने झालेल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरा 'शिवभारता'त नोंदलेली आहे. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९१६ साली जन्मलेल्या मुलाला जॉर्ज जिवाजीराव केलं आणि मुलीला मेरी कमलाराजे. लंडनच्या तख्तावर तेव्हा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी होते. एका घराने पिराचं देणं फेडलं, दुसऱ्याने साहेबाची मर्जी राखली. दोन्ही वेळा नाव मुलाच्या हौसेपेक्षा घराच्या हिशेबाने ठरलं.

या हिशेबात माणूस कसा बसवला जातो ते बडोद्यात लख्ख दिसतं. भिवंडी तालुक्यातल्या वज्रेश्वरीला, चिमाजी अप्पांच्या वसईच्या नवसाने उभ्या राहिलेल्या देवळात, पायऱ्या आणि दीपमाळ गायकवाडांनी बांधली असं सांगतात. त्या गायकवाडांच्या गादीवर १८७५ साली नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक गेला आणि सयाजीराव झाला, तिसरा. तंजावरहून आलेली त्याची राणी लक्ष्मीबाई चिमणाबाई झाली. ती १८८५ साली वारली. त्याच वर्षअखेरीस देवासहून आलेली गजराबाई दुसरी राणी झाली आणि तिचंही नाव चिमणाबाईच ठेवलं. पुढे याच चिमणाबाईंनी भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर १९११ साली सहलेखनात इंग्रजी पुस्तक लिहिलं आणि १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेचं अध्यक्षपदही भूषवलं. सवतीचं म्हणावं तर तसं, गादीचं म्हणावं तर तसं, ते नाव त्यांनी जन्मभर वागवलं. मला हा प्रकार थोर वाटत नाही. घराण्याच्या नावांचं आपण जे कौतुक करतो, त्यातली निम्मी किंमत सुनांनी मोजलेली आहे. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायची हौस मध्यमवर्गानेही वर बघूनच उचलली असावी.

दुसरी बाजू आणखी कडक आहे. 'राव' हा सगळ्यांना लावता येत नव्हता. खालच्या मानलेल्या माणसाला हाक मारताना नावाची शेपटी तोडून 'या' जोडला जायचा, रामाचा राम्या. मुलं जगत नसत म्हणून वाईट नजर लागू नये यासाठी दगडू, धोंडू, केरू ही नावं ठेवली जात. अशा नावाची वहिवाट कोण चालवेल? १४ ऑक्टोबर १९५६ नंतर बौद्ध झालेल्या घरांत सिद्धार्थ, राहुल, गौतम, सुजाता आले. बहुतेक नावं राजवाड्यातली, पण राजवाडा सोडणाऱ्याच्या गोष्टीतली. जुनी नावं त्या लोकांनी ठरवून टाकली आणि ते योग्यच केलं. भिवंडीच्या मागावर आलेल्या विणकरांच्या आधीच्या पिढ्यांनी 'जुलाहा' टाकून मदिनेची आठवण देणारं 'अन्सारी' लावलं, तेही त्याच जातीचं पाऊल.

म्हणून फ्लेक्सवरच्या कियाराला पाहून पुण्या-मुंबईच्या माणसाने नाक मुरडावं, हे मला पटत नाही. ज्याला आजोबांच्या नावाबरोबर वाडा, वतन आणि तैलचित्र मिळालं, त्याला ते नाव नातवाला देणं सोपं असतं. ज्याच्या आजोबांच्या नावाबरोबर मिठागरातली मजुरी आणि खारजमिनीचा सातबारा आला, तो नवीन पान उघडतो. फक्त सगळे एकाच वेळी उघडतात, आणि बालवाडीच्या एका वर्गात दोन-तीन कियारा होतात.

पण आता तोच सातबारा कोटीत बोलतो. काथोड आणि बाळाराम क्रिकेटच्या स्मृतिचषकावर आले आहेत, गोदामाच्या कंपाउंडच्या पाटीवर आले आहेत. दादर-पार्ल्याच्या घरांत तर रमा, मुक्ता, यमुना परत पाळण्यात दिसू लागल्या आहेत, कारण तिथे पैसा आणि शिक्षण येऊन तीन-चार पिढ्या झाल्या आणि आजीचं नाव आता मिरवता येतं. काल्हेरच्या एखाद्या बंगल्यात नातीचं नाव चांगुणा ठेवायला अजून एक पिढी लागेल असा माझा अंदाज आहे. ते नाव ठेवणारी बहुधा आजची एखादी कियाराच असेल, आणि तिची आई तिला विचारेल की अगं, दुसरं काही सुचलं नाही का.